समोरच्या बाजूशी नीट बोलायचंय, पण जायचं कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजकीय आणि सामाजिक विषयांवर ऑनलाइन रोज जी चिखलफेक चालते, तिला तुम्ही विटला आहात. वेगळ्या मतांच्या माणसांशी शांतपणे बोलता येईल असे ऑनलाइन कार्यक्रम कुठे सापडतात, हे तुम्हाला हवंय. दोन ठिकाणी जाऊनही आलात. एकीकडे दीड तास भाषणं ऐकली, दुसरीकडे जमलेले सगळे तुमच्याच मताचे निघाले. शिवाय जाता जाता दोन ओळी लिहिल्या आहेत: सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, आणि अशा बैठकीत कॅमेरा बंद ठेवला तर चालतो का. या दोन ओळींकडे मी शेवटी येते.

मी गेली बारा वर्षं अशा बैठकांमध्ये सूत्रधार म्हणून बसते. अलीकडे बहुतेक काम पडद्यावरच चालतं. माझ्या मते कार्यक्रम सापडत नाहीत ही खरी अडचण नाहीच. ‘संवाद’ हे नाव वाटेल त्या कार्यक्रमाला लागतं, ही आहे. दोन पाहुणे बोलतात, तीनशे जण ऐकतात, शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं होतात, त्यालाही संवाद म्हणतात. एकाच विचाराची मंडळी जमून ‘ते लोक असे का वागतात’ यावर हळहळतात, तोही संवादच. तुम्ही गेलात ते कार्यक्रम वाईट होते असं मी म्हणत नाही. तुम्हाला हवं होतं ते तिथे मिळणार नव्हतं, आणि ते आधी ओळखता आलं असतं.

ओळखायचं कशावरून? जाहिरातीवरून नाही, नोंदणीच्या फॉर्मवरून. फॉर्ममध्ये फक्त नाव आणि ईमेल मागितला असेल तर बहुधा तुम्ही श्रोते आहात. तुमचा राजकीय कल कुठे, या विषयावर साधारण काय वाटतं, आधी अशा बैठकीला आला होतात का, असं विचारलं असेल तर पलीकडे कोणीतरी बसून दोन्ही बाजूंची माणसं मोजतंय. अनेकांना हा प्रश्न खटकतो. ‘माझं मत यांना कशाला?’ म्हणून फॉर्म अर्धवट सोडणारेही असतात. पण मत न विचारता खोलीत समतोल आणायची दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही. दुसरी खूण म्हणजे जागांची मर्यादा. ‘सर्वांचं स्वागत’ लिहिलेल्या कार्यक्रमापेक्षा ‘जागा भरल्या, प्रतीक्षायादीत नाव घालू का?’ असं विचारणारा कार्यक्रम मला जास्त भरवशाचा वाटतो.

खोलीच्या रचनेचा एवढा आग्रह का, याला कारण आहे. समोरच्या बाजूचं म्हणणं कानावर पडलं की माणूस आपोआप मवाळ होतो, असा एक भाबडा समज असतो. क्रिस बेल हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश देणारं एक स्वयंचलित खातं फॉलो करायला लावलं होतं. त्यातले रिपब्लिकन मवाळ होण्याऐवजी आणखी कडवे झाले. डेमोक्रॅट्समध्येही थोडी हालचाल दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकी नव्हती. म्हणजे समोरच्याचं म्हणणं नुसतं कानावर आदळत राहिलं तर उलटही परिणाम होतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्येच म्हटलं होतं की दोन गटांच्या नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होतील असं नाही. दोघांचा दर्जा समान हवा, काहीतरी सामाईक उद्दिष्ट हवं, ते गाठायला सहकार्य हवं, आणि वरून कुणाचा तरी, नियमाचा किंवा संस्थेचा, पाठिंबा हवा. तीनशे जणांच्या वेबिनारमध्ये यातलं काय असतं? बोलणाऱ्याला माइक आणि ऐकणाऱ्याला चॅटची खिडकी. दर्जाची समानता तिथेच संपली.

या क्षेत्रातली एक गंमत मला फार उशिरा कळली. ज्या पद्धती आज सगळीकडे वापरल्या जातात, त्यातल्या काही मोठ्या पद्धती राजकारणाच्या अभ्यासकांनी बनवलेल्या नाहीत. त्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांनी बनवल्या आहेत. बॉस्टनजवळ १९८९मध्ये ‘पब्लिक कॉन्व्हर्सेशन्स प्रोजेक्ट’ सुरू झाला, त्याच्या मुळाशी अशीच मंडळी होती. आज ती संस्था ‘इसेन्शियल पार्टनर्स’ या नावाने काम करते. ३० डिसेंबर १९९४ रोजी तिथून जवळच ब्रुकलाइनमध्ये एका माणसाने गर्भपाताची सेवा देणाऱ्या दोन दवाखान्यांत गोळीबार केला. तिथे काम करणाऱ्या दोन स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन अशा सहा कार्यकर्त्या या संस्थेच्या मदतीने गुपचूप भेटू लागल्या. साडेपाच वर्षं भेटत राहिल्या आणि जानेवारी २००१मध्ये त्यांनी ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये एकत्र लेख लिहून हे जाहीर केलं. सुरुवातीला तर पोटातल्या जिवाला काय म्हणायचं, इथेच अडलं होतं. कोणते शब्द उच्चारले की भडका उडतो त्यांची यादी करून ते शब्द टाळायचं ठरलं. शेवटी काय झालं? गर्भपाताबद्दल एकीचंही मत बदललं नाही, उलट आपापल्या भूमिकेवरची श्रद्धा आणखी पक्की झाली. बदललं ते एकमेकींकडे पाहणं, आणि जाहीरपणे बोलताना वापरायची भाषा.

तुम्ही जाल तेव्हा हे उदाहरण मनात ठेवा. समोरच्याचं मन वळवायला जाणार असाल तर पहिल्याच बैठकीत निराश व्हाल, आणि ते समोरच्यालाही कळेल.

२०१६च्या निवडणुकीनंतर अमेरिकेतच सुरू झालेल्या ‘ब्रेव्हर एंजल्स’ या संस्थेच्या बैठकांचा आराखडाही बिल डोहर्टी या कुटुंब-समुपदेशकाने केला. ओहायोमधल्या साउथ लेबनन गावी त्या डिसेंबरात ट्रम्पचे आणि क्लिंटन यांचे मतदार जवळजवळ सारख्या संख्येने एकत्र बसवले, ती त्यांची पहिली बैठक. त्यांच्या ‘लाल-निळ्या’ (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळे म्हणजे डेमोक्रॅट) कार्यशाळेतला पहिला खेळ मला फार आवडतो, मी त्याची माझी आवृत्ती सर्रास वापरते. दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत जातात आणि ‘समोरचे लोक आपल्याबद्दल काय काय समजतात’ याची स्वतःच यादी करतात. मग प्रत्येक समजुतीपुढे लिहायचं: यात चूक काय, आणि यात तथ्याचा कण कोणता. तो कण लिहिताना खोलीत जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. स्वतःच्या बाजूबद्दलची कबुली स्वतःच्या तोंडून आली की समोरचा निम्मा दारूगोळा ओला होतो.

त्याच कार्यशाळेत ‘फिशबोल’ असतो. एक गट मध्ये बसून दोनच प्रश्नांवर बोलतो: आमच्या बाजूची मूल्यं आणि धोरणं देशासाठी चांगली का, आणि आमच्याच बाजूबद्दल आम्हाला कोणत्या शंका आहेत. दुसरा गट फक्त ऐकतो. मग जागा बदलायच्या. ऑनलाइन हे करताना ऐकणाऱ्यांचे कॅमेरे बंद आणि माइक म्यूट करून घेतले की चांगलं जमतं. उलट, चॅट उघडी ठेवली तर सगळं ओमफस होतं. एकदा माझ्या एका बैठकीत वरच्या खिडकीत एक बाई डोळ्यांत पाणी आणून मुलाबद्दल बोलत होत्या आणि खाली चॅटमध्ये दोघं जण आकडेवारीच्या दुव्यांवरून एकमेकांवर तुटून पडले होते. त्या बाईंनी चॅट वाचली आणि बोलता बोलता थांबल्या. त्या दिवसापासून मी चॅट बंद ठेवते. तुम्ही जाल तिथे चॅट मोकाट सुटलेली दिसली तर सूत्रधार नवखा आहे असं समजा.

आता ठिकाणं. सगळी सांगत नाही. ज्यांची रीत मला माहीत आहे आणि पटते तेवढीच.

पहिल्यांदाच जात असाल आणि गटात बोलायला संकोच वाटत असेल तर दोघांची भेट बरी. जर्मनीत ‘त्साइट ऑनलाइन’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने २०१७मध्ये एक प्रयोग केला. वाचकांना थोडे हो-नाही प्रश्न विचारायचे आणि ज्यांची उत्तरं एकमेकांविरुद्ध जातात, पण जे जवळपास राहतात, त्यांच्या जोड्या लावून द्यायच्या. त्यातूनच ‘माय कंट्री टॉक्स’ हा उपक्रम उभा राहिला. अनेक देशांतल्या माध्यमसंस्थांनी तो वापरला, आणि २०१९मध्ये ‘युरोप टॉक्स’ या नावाने देशांच्या सीमा ओलांडूनही जोड्या लागल्या. यात सूत्रधार नसतो, हे गुण आणि दोष दोन्ही समजा. जोडी जमली तर तासाचे तीन तास होतात, नाही जमली तर सावरायला कोणी नाही. शिवाय हे वर्षभर चालू नसतं. एखादी माध्यमसंस्था फेरी जाहीर करते तेव्हाच नाव देता येतं.

‘स्टोरीकॉर्प्स’ या अमेरिकी संस्थेचा ‘वन स्मॉल स्टेप’ हा उपक्रम याच्या उलट आहे. त्यात दोन अनोळखी, वेगळ्या राजकीय मतांची माणसं बोलतात, पण विषय राजकारण नसतो, आयुष्य असतं. आधी एकमेकांनी स्वतःबद्दल लिहिलेला छोटा परिचय मोठ्याने वाचायचा, तोही आपला नव्हे, समोरच्याचा. ‘माझे वडील खाणीत होते’ हे वाक्य विरुद्ध मताच्या माणसाच्या तोंडून ऐकताना कसं वाटत असेल, कल्पना करा. हा उपक्रम अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, पण ही रीत कोणीही उसनी घेऊ शकतं. मी घेतली आहे.

चार ते सात जणांची बैठक हवी असेल तर ‘लिव्हिंग रूम कॉन्व्हर्सेशन्स’. त्यांनी शंभराहून अधिक विषयांवरचे मार्गदर्शक फुकट उपलब्ध ठेवले आहेत. त्यांची खुबी अशी की तज्ज्ञ सूत्रधाराची गरज लागत नाही. नियम सोपे, फेऱ्या ठरलेल्या, प्रत्येकाला सारखा वेळ. तयार कार्यक्रमात जागा मिळाली नाही तर मार्गदर्शक उतरवून घ्या आणि स्वतःच चार माणसं जमवा. हे मी अनेकांना सुचवते, पण फार थोडे करतात. तयार ताट मिळेपर्यंत थांबायची आपल्याला सवय असते.

वाद अजिबात नको, फक्त ज्यांच्याबद्दल मनात अढी आहे अशा माणसाला प्रश्न विचारायचे असतील, तर ‘ह्यूमन लायब्ररी’. २०००मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात ती सुरू झाली. आता तिची वाचनं ऑनलाइनही होतात. माणूसच पुस्तक असतो आणि आपण वाचक. हा दोन्ही बाजूंचा संवाद नव्हे, पण नवख्याला ऐकायची शिस्त लागते. विद्यापीठात शिकत असाल तर ‘सोलिया’चं नाव विचारून पाहा. २००३पासून ही संस्था वेगवेगळ्या देशांतल्या, विशेषतः पाश्चात्त्य आणि मुस्लिमबहुल समाजांतल्या विद्यार्थ्यांचे छोटे गट व्हिडिओवर कित्येक आठवडे एकत्र बसवते, सूत्रधारासह. प्रवेश मात्र बहुतेकदा महाविद्यालयामार्फतच. जेम्स फिशकिन या अमेरिकी अभ्यासकाच्या ‘विचारविमर्शी जनमत चाचण्यां’ना, म्हणजे डेलिबरेटिव्ह पोलिंगला, तुम्हाला आपणहून जाता येत नाही, तिथे लोकसंख्येतून नमुना निवडून माणसं बोलावली जातात. कधी बोलावणं आलं तर सोडू नका.

शोधताना नुसतं ‘डायलॉग’ टाकलंत तर वेबिनारांचा ढीग येईल. या क्षेत्रातले लोक आपल्या कामाला ‘ब्रिजिंग’ म्हणतात. त्या शब्दाला ‘फॅसिलिटेटेड’, ‘स्मॉल ग्रुप’ किंवा ‘स्ट्रक्चर्ड कन्व्हर्सेशन’ जोडून पाहा. दुसऱ्या देशातला कार्यक्रम असेल तर वेळ दोनदा तपासा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचं गणित चुकतं. मी सूत्रधार असून एकदा स्वतःच्याच बैठकीला तासभर उशिरा पोचले आहे. एकमेकांच्या विरुद्ध मतांचे बारा लोक तोवर माझी वाट पाहत, माझ्यावर एकमताने वैतागले होते. त्या दिवशीची बैठक अपूर्व रंगली, हे वेगळं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सर्वात मोठी अडचण म्हणजे दुसरी बाजू येतच नाही. अशा उपक्रमांवर एका बाजूचा संशय असतो, ‘आम्हाला सुधारायला बोलावताय’ असा. तो अनेकदा खराही असतो. म्हणूनच ब्रेव्हर एंजल्सने आपल्या नेतृत्वातही दोन्ही बाजू सारख्या ठेवायचा नियम केला. तुम्ही नाव नोंदवण्याआधी आयोजकांना सरळ लिहा: ‘मागच्या वेळी कोणत्या बाजूचे किती जण होते?’ प्रामाणिक आयोजक आकडा सांगतो, ओशाळवाणा का होईना. नुसतं ‘सर्व विचारांचे लोक येतात’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे वळा. माझ्याकडे एकदा चौदा विरुद्ध दोन असं झालं होतं. त्या दोघांना मी आधी फोन करून विचारलं, तेव्हा एक जण म्हणाला, ‘पिंजऱ्यातला प्राणी व्हायला मी येत नाही.’ मी बैठक पुढे ढकलली. चौदांपैकी काही रागावले. रागावू देत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कर किती असावा यावर मतभेद असणं वेगळं, आणि तुमच्या जातीला, धर्माला, तुम्ही कोणावर प्रेम करता याला माणुसकीचा दर्जा द्यायचा की नाही यावर चर्चा असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमचंच अस्तित्व चर्चेला असेल तर तुम्ही जायलाच हवं असं मुळीच नाही. संवादाचं ओझं नेहमी ज्याला लागलंय त्याच्याच खांद्यावर टाकायची या क्षेत्राला वाईट खोड आहे, आणि सुरुवातीच्या काळात ती मलाही होती. अशा विषयाच्या बैठकीत सूत्रधार दोन गोष्टी आधीच सांगतो का ते पाहा: कोणतं बोलणं थांबवलं जाईल, आणि कोणी मधूनच उठून गेलं तर त्याला कारण विचारलं जाणार नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. बरेच कार्यक्रम इंग्रजीत असतात. नोकरीपुरती इंग्रजी येणं निराळं आणि तिच्यात दुखावणं, माफी मागणं निराळं. परक्या भाषेत माणूस असतो त्यापेक्षा कोरडा किंवा उद्धट वाटतो. सुरुवातीलाच ‘ही माझी शिकलेली भाषा आहे, शब्द अडला तर थांबेन’ असं सांगून टाका. त्याने बाकीचेही हळू बोलतात, आणि हळू बोलण्याचा सगळ्यांनाच फायदा होतो.

पहिल्या बैठकीत मत मांडण्याआधी ते मत तुमच्याकडे आलं कुठून, हे सांगा. घरातून, एखाद्या प्रसंगातून, पुस्तकातून, भीतीतून, जिथून असेल तिथून. मताला प्रतिवाद होतो, आठवणीला होत नाही. समोरच्यालाही तेच विचारा. ‘तुम्ही असं का मानता?’ हा प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. ‘हे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?’ असं विचारलंत तर माणूस खुर्चीत मागे टेकून बोलू लागतो. आणि एका बैठकीवरून निकाल लावू नका. मला तरी बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमलेलं दिसलं आहे. पहिल्या खेपेला सगळे फार सभ्य असतात आणि त्यात वेळ जातो.

तुमच्या भावाबद्दल. त्याला अशा कार्यक्रमाला नेऊ नका. अनोळखी माणसाशी बोलताना मागचं काही देणंघेणं नसतं, म्हणून या पद्धती चालतात. भावाशी तुमचं बोलणं बंद पडलं ते राजकारणामुळे असं तुम्ही म्हणता. असेलही. पण अशा बहुतेक जोड्यांमध्ये राजकारण हा शेवटचा धक्का होता आणि भिंतीला आधीच तडे होते, हे मी पाहिलंय. बैठकांना तुम्ही जा, ऐकायची सवय करा. बैठकांखेरीज, घरातल्या मतभेदांवर कसं बोलावं याच्या छोट्या कौशल्य-कार्यशाळाही ब्रेव्हर एंजल्स ऑनलाइन घेतं; त्यांना समोरची बाजू हजर असावी लागत नाही, तेव्हा तुमच्या उपयोगाचं आधी तेच. भावाला जेव्हा फोन कराल तेव्हा राजकारण काढू नका आणि ‘आपण राजकारणावर बोलायचं नाही’ अशी अटही घालू नका. त्याच्या गुडघ्याचं, मुलांचं, जे काही दोन वर्षांत राहून गेलंय त्याचं विचारा. त्यानेच विषय काढला तर ‘तुला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं?’ एवढंच विचारा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसा. उत्तर लांब असेल. त्यात तुमच्याबद्दलही काही असेल.

राहिला कॅमेरा. मोठ्या श्रोतृगटात खुशाल बंद ठेवा. सहा जणांच्या खोलीत बंद कॅमेरा म्हणजे दाराआडून ऐकणारा माणूस. बाकीचे जपून बोलू लागतात. नेट कमकुवत असेल, घरात एकांत नसेल किंवा चेहरा ओळखला जाणं धोक्याचं असेल तर सूत्रधाराला आधी कळवा, तो सगळ्यांना सांगेल आणि मग कोणाला काही वाटत नाही. रेकॉर्डिंग होणार आहे का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.